शेडपुढच्या तीन कड्या

"हळदीच्या हातांनी पंखाला हात लावू नकोस," अप्पा म्हणाले. "कापड पिवळं पडेल."

"मग ढकलू कशानं?"

"तू ढकलू नकोसच. बाजूला उभी राहा आणि उजवा पंख दाराला घासत नाही ना, एवढं बघ."

माझ्या लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही विमान शेडबाहेर काढत होतो. मामी उटण्याची वाटी घेऊन दारात उभी होती.

"आधी नवरीला न्हाऊ घालायचं की आधी हे यंत्र बाहेर काढायचं? जगात आणखी कुणाच्या लग्नात असा प्रश्न पडला असेल का?"

"यंत्र नाही, विमान," अप्पा म्हणाले. "आणि त्याला घाई चालत नाही."

"त्याला चालत नाही, तुम्हाला चालत नाही, पण मुहूर्ताला चालते."

"मुहूर्त गोरज आहे. अजून सकाळचे आठ वाजताहेत."

अप्पा आमच्या तालुक्याच्या फ्लाइंग क्लबात शिक्षक होते. क्लब म्हणजे गावाबाहेरच्या माळावरची एक धावपट्टी, पत्र्याची उंच शेड, शेडला लागून ऑफिसची खोली आणि आमचं दोन खोल्यांचं घर. विमान एकच होतं. पुष्पक. दोन माणसांचं, शेजारी शेजारी बसायचं. लोखंडी नळ्यांचा आणि लाकडाचा सांगाडा, वरून कापड, कापडावर रोगणाचे थर. माझ्या जन्माच्या आधी बनलेलं हे विमान दुसऱ्या एका क्लबनं मोडीत काढलं होतं. अप्पांनी ते ट्रकवर घालून आणलं आणि तीन वर्षं खपून पुन्हा उडतं केलं. पुढं शिकायला येणारी मुलं कमी होत गेली. क्लबच्या कमिटीतली माणसं वर्षातून एकदा दसऱ्याला यायची, विमानाला झेंडूची माळ घालून पेढे खाऊन जायची. अप्पा मात्र रोज सकाळी एक फेरी उडून यायचे. इंजिन बसून राहिलं की गंजतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी नऊ वर्षांची असताना आई गेली. त्याआधी पंखाचं कापड शिवायला तीच अप्पांबरोबर असायची. हे काम एकट्यानं होत नाही. पंख काढून उभा करायचा, एका बाजूला एकानं बसायचं आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्यानं. हातभर लांबीची सुई इकडून आत घालायची, पलीकडच्यानं ती ओढून घ्यायची आणि पुढच्या टाक्याला परत पाठवायची. पलीकडचं माणूस दिसत नाही, नुसतं सुईचं टोक येतं. आई गेल्यावर तिच्या जागेवर मी बसले. अप्पा समोरासमोर फार बोलत नसत. पंखाच्या पलीकडून मात्र बोलायचे. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा काय करायचं ते त्यांनी पंखापलीकडूनच सांगितलं होतं, सुई देता देता.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि गावच्याच कॉलेजात शिकवायला लागले. लग्नाची दोन स्थळं मी नाकारली, ती लांबची होती म्हणून. श्रीरंग कर्णिकचंही स्थळ लांबचंच होतं. तो श्रीवर्धनला माती तपासायच्या प्रयोगशाळेत होता. पण तो बघायला आला तेव्हा चहा बाजूला ठेवून विमानाखाली आडवा झाला आणि अप्पांना तासभर प्रश्न विचारत राहिला. मला तो आवडला. तरी मी हो म्हणायला महिना घेतला. अप्पा कुठंच मुक्कामाला जात नसत. सख्ख्या भावाच्या साठीलासुद्धा गेले नाहीत. "पुष्पकला कोण बघणार?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मी गेल्यावर अप्पांजवळ कोण राहील, हा प्रश्न मी महिनाभर उलटासुलटा करून पाहिला आणि शेवटी तेच उत्तर मीही धरलं. पुष्पक राहील. रोज सकाळी त्यांना उठवायला, दुपारभर खिळवून ठेवायला पुष्पक असेल. त्या भरवशावर मी हो म्हटलं.

मे महिन्यात गावातलं एकुलतं एक कार्यालय मिळालं नाही, तेव्हा लग्न शेडमध्येच करू, असं मीच सुचवलं.

विमान बाहेर आलं. शेडपुढं सिमेंटमध्ये बसवलेल्या तीन लोखंडी कड्या होत्या. दोन पंखांचे दोन दोर आणि शेपटीचा एक. अप्पांनी तिन्ही गाठी स्वतः मारल्या, प्रत्येक दोर पायानं दाबून पाहिला. मग दोन पावलं मागं जाऊन म्हणाले, "आता घाला न्हाऊ तुमच्या नवरीला."

"माझ्या नवरीला!" मामी म्हणाली. "तुमची कोण आहे मग ती? शेजारीण?"

अप्पा हसले नाहीत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, डोक्याला तेल हळद लागलेली पाहून तो तसाच मागं घेतला आणि ते आत गेले.

दुपारी मांडववाला गुलाब आला. शेडचं दार पूर्वेला होतं, पुढं मोकळा माळ. आलेल्या माणसांना टेकायला सावली हवी म्हणून त्यानं दारापुढं बांबूंचा मोठा मांडव घातला. आम्ही बायका आतल्या खोलीत होतो. अप्पा गावात बर्फाची लादी आणि पुरोहितांना आणायला जीप घेऊन गेले होते. मांडव कसा घातला ते कुणी पाहिलं नाही. गुलाब हा आमच्या भागातला सगळ्यात नेटका मांडववाला. त्याचा मांडव आजवर पडलेला नाही, असं तो स्वतःही सांगायचा आणि लोकही सांगायचे.

तीनच्या सुमाराला वऱ्हाडाची एसटी आली. पहाटे निघालेली माणसं घामानं आणि धुळीनं माखली होती. सगळ्यांत आधी उतरल्या माझ्या सासूबाई. ठेंगण्या, रुंद, नाकात मोत्याची नथ. त्यांनी मांडवाकडं पाहिलंच नाही, सरळ विमानापाशी गेल्या.

"हेच का ते? ह्याच्याखाली आमचा मुलगा नवी पँट घालून लोळला होता?"

"हो," मामी म्हणाली. "चला, पन्हं घ्या."

"घेते. आधी मला सांगा, हे खरंच उडतं का? एवढंसं? आमच्याकडचा मासेमारीचा मचवा ह्याच्यापेक्षा मोठा असतो."

"रोज सकाळी उडतं," अप्पा म्हणाले. ते मागून आले होते. नवं धोतर, डोक्याला फेटा, आणि हातात वंगणाचं फडकं, सवयीनं घेतलेलं. विहिणीला नमस्कार करताना ते फडकं कुठं ठेवावं त्यांना कळेना.

सीमांतपूजन झालं. श्रीरंगचे पाय धुऊन झाले, पन्हं फिरलं. बँडवाल्यांनी एकदा वाजवून घेतलं. मी ऑफिसच्या खोलीत पिवळी अष्टपुत्री नेसून, मुंडावळ्या बांधून बसले होते. तेवढ्यात उजेड बदलला. भिंतीवरचं ऊन तांबूस झालं आणि मग गेलंच. मी खिडकीतून पाहिलं. पूर्वेला काळा ढग होता, आणि त्याच्या पायाशी जमिनीपासून वर चढलेली धुळीची भिंत. ती हलताना दिसत नव्हती, फक्त जाड होत चालली होती. म्हणजे ती सरळ आमच्याकडं येत होती.

मी धावत बाहेर आले. अप्पा विमानापाशी उभे होते आणि खाली पाहत होते.

"गुलाब!" त्यांनी हाक मारली. मी त्यांचा इतका मोठा आवाज तोवर ऐकला नव्हता.

"काय सर?"

"हे दोर कुणी सोडले?"

मी खाली पाहिलं. सिमेंटमधल्या तिन्ही कड्यांतून मांडवाचे दोर ताणून नेले होते. विमानाचे दोर बाजूला मातीत ठोकलेल्या मांडवाच्या मेखांना बांधले होते. व्यवस्थित, दुहेरी गाठ मारून.

"मीच सोडले सर. मांडवाला वारं लागतं, त्याला पक्की कडी पाहिजे. विमानाचं काय, लोखंडाचं हाय, चाकावर हुबं हाय. त्याला काय होणार? तरीबी बांधलंय मी. मोकळं न्हाई ठेवलं."

अप्पांनी मेखेवरची गाठ बोटांनी चाचपून पाहिली. त्यात रागावण्यासारखं त्यांना काही सापडलं नसावं. गुलाबनं आयुष्यभर वाऱ्यानं उडणाऱ्या वस्तू पाहिल्या होत्या. त्या सगळ्या कापडाच्या होत्या. विमानही कापडाचं आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"आत घेऊ या," श्रीरंग म्हणाला. तो बाशिंग बांधलेलाच आला होता.

"कुठून? दारात मांडव आहे."

"मग मांडवाचे दोर कापू. कडी मोकळी होईल. कोयता आहे ना?"

गुलाबनं कोयता आणलासुद्धा. अप्पांनी तो हातात घेतला, कडीपाशी वाकले आणि वर पाहिलं. मांडवाखाली दोन्हीकडची म्हातारी माणसं बसली होती, सतरंजीवर पाचसहा पोरं लोळत होती. बांबूंची सगळी चौकट त्या तीन दोरांवर उभी होती. अप्पांनी कोयता गुलाबला परत दिला.

"सगळ्यांना शेडमध्ये घे. भिंतीकडं. बांबूंखाली कुणी थांबायचं नाही," ते म्हणाले. मग फेटा काढून खाली ठेवला. "आणि धट्टीकट्टी माणसं इकडं या."

पहिला झोत आला तो धुळीचा. डोळे उघडता येईनात. विमानाचं तोंड बरोबर वाऱ्याकडं होतं. पुष्पक साठ-पासष्टच्या वेगानं धावपट्टीवर पळालं की उडतं. आपण पळतोय की वारा, हे पंखाला कळत नाही. ही गोष्ट तिथं दोनच माणसांना नीट माहीत होती, आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"शेपूट उचला!" अप्पा ओरडत होते. "शेपूट वर, म्हणजे पंख सपाट होईल. चौघं शेपटीला! बाकीचे पंखाखालच्या दांड्यांना लोंबा. कापडाला हात नाही लावायचा. कापडाला नाही!"

बँडवाले धावले. ढोलवाल्यानं ढोल पाठीवर टाकला आणि शेपूट उचलली. श्रीरंगच्या काकांनी सोवळ्यातच डाव्या दांडीला मिठी मारली. त्यांच्याशेजारी श्रीरंग, बाशिंग कानावर आलेलं. क्लॅरिनेटवाला एका हातानं दांडी आणि दुसऱ्यानं क्लॅरिनेट धरून होता.

"अरे, ते वाजवायचं खाली ठेव की!"

"दुसऱ्याचं हाय हो!"

उजव्या दांडीला आधी दोघं होते. उजवी मेख मुळा उपटावा तशी जमिनीतून निघाली आणि दोराच्या टोकाला गोफणीसारखी फिरायला लागली, तेव्हा दोघंही बाजूला झाले. अप्पांनी तो दोर झेप घेऊन पकडला आणि मेख पायाखाली दाबली. दांडी रिकामी होती. मी ती धरली.

"सुनीती, आत जा!"

"नाही जाणार."

"आत जा म्हणतो ना!"

मी दोन्ही हातांनी दांडीला लोंबकळले. हातांना ताण बसत होता, खांद्यांतून कळ जात होती. वारा वाढला की ताण वाढायचा, मग मी जास्त जोर लावायची आणि पंख खाली यायचा. मला ते स्पष्ट जाणवत होतं. मी धरलं होतं. मी हे विमान जमिनीवर धरलं होतं, आणि आणखी पाच मिनिटं, दहा मिनिटं धरून ठेवलं की ते अप्पांजवळ राहणार होतं. वादळ कायमचं थोडंच असतं! मी तोंडातली धूळ थुंकून "येतंय खाली!" असं ओरडलेसुद्धा.

मग एकदम वारा कमी झाला. माळावर शांतता पसरली, आणि त्या शांततेत लांबून एक घरघर ऐकू आली. अप्पांनी पूर्वेकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"सोडा," ते म्हणाले. आणि मग ओरडले, "सगळ्यांनी सोडा! बाजूला पळा! सोडा!"

शेपटीकडच्यांनी सोडलं. डावीकडच्यांनी सोडलं. मी सोडलं नाही. अप्पा दोर टाकून माझ्याकडं आले. त्यांनी माझी बोटं एकेक करून दांडीवरून उकलली. मी लहान असताना ते माझ्या मुठीतला खिळा असाच काढून घ्यायचे. मग मला दंडाला धरून शेडच्या भिंतीकडं ओढत नेलं.

वळून पाहिलं तेव्हा पुष्पक जमिनीवर नव्हतं.

ते वर गेलं होतं. सरळ, सपाट, माणसाच्या दुप्पट उंचीवर. आत कुणी नव्हतं. पंखा फिरत नव्हता. खाली दोर आणि उपटलेल्या मेखा लोंबत होत्या. वाऱ्यावर ते तसंच स्थिर राहिलं, जागच्या जागी, अप्पा उतरताना धावपट्टीवर जसं आणतात तसं, नाक किंचित वर धरून. मांडवातून कुणीतरी "अगं बाई!" म्हटलं. मग डावा पंख खाली गेला, टोक जमिनीला लागलं, आणि ते त्या टोकावर उलटं फिरून शेडच्या कोपऱ्यावर आलं. आवाज फार झाला नाही. लाकूड मोडल्याचा आणि कापड फाटल्याचा. मग गारा आल्या.

मांडव उभा होता.

पाऊस जरा ओसरल्यावर अप्पा मोडलेल्या ढिगापाशी गेले, खाली वाकले आणि आत हात घालून काही तरी फिरवलं. मग ते सरळ उभे राहिले.

"पेट्रोल गळतंय. कुणी विडी ओढू नका इथं," ते म्हणाले. मग पुरोहितांकडं वळले. "मुहूर्ताला किती वेळ आहे, गुरुजी?"

साडी बदलायला मला ऑफिसच्या खोलीत नेलं. अप्पा दाराशी कोरडा टॉवेल घेऊन आले. मी मामीला बाहेर पाठवलं.

"तुम्ही का सोडायला लावलंत?"

"सुटणारच होतं."

"नव्हतं सुटणार. खाली येत होतं ते. मला हाताला कळत होतं."

"बरं."

"बरं काय, अप्पा? आम्ही एवढी सगळी माणसं होतो. तुम्ही कधी एक खिळा टाकून दिला नाहीत, आणि आज अख्खं विमान…"

त्यांनी टॉवेल माझ्या डोक्यावर टाकला आणि केस पुसायला लागले, जोरजोरात, लहानपणी पुसायचे तसे. मुंडावळ्यांचे मोती कानाला टोचत होते. मी रडत होते आणि ते पुसत होते.

"साडी बदल," ते म्हणाले. "माणसं खोळंबलीत."

लग्न लागलं. कन्यादानाला आमचे हात एकावर एक ठेवले आणि गुरुजींनी पाण्याची धार सोडली, तेव्हा अप्पांनी दात आवळून श्वास घेतला. दोरानं त्यांच्या दोन्ही तळव्यांची साल गेली होती. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं नाही. माझा राग गेला नव्हता. उद्या मी ह्या माणसाला इथं कशाजवळ ठेवून जाणार आहे, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

वऱ्हाडाचा मुक्काम शाळेत होता. सकाळी निघायचं होतं. उठून बाहेर आले तर अप्पा कधीचेच कामाला लागलेले. त्यांनी मोडलेल्या सांगाड्यातून कामाचे भाग वेगळे काढून पोत्यावर ओळीनं मांडले होते. कापडाच्या चिंध्या गोळा करून एका कोपऱ्यात ठेवल्या होत्या. आकाश स्वच्छ निळं होतं. मांडवाला टेकून सासूबाई चहा पीत होत्या.

"ये," त्या म्हणाल्या. "झोपली नाहीस ना? मीही नाही. गारा वाजल्यासारखं होत राहिलं कानात."

मी त्यांच्याशेजारी टेकले.

"रागावलीयस वडलांवर?"

मी पोत्यावरच्या भागांकडं बघत राहिले.

"काल रात्री श्रीरंग सांगत होता, ती म्हणते अजून धरलं असतं तर राहिलं असतं. मी म्हटलं, तू डावीकडं होतास, तुला काय दिसणार? मी इथं, ह्याच बांबूपाशी होते. ह्या मांडववाल्यानं दोनदा आत ओढलं मला, तरी आले. तू आणि विमान सरळ समोर." त्यांनी बशी खाली ठेवली. "अगं, तू कुठलं विमान धरतेस! तू टांगलेली होतीस त्याला, झुंबरासारखी. पाय हे एवढे वर." त्यांनी हातानं स्वतःच्या गुडघ्याच्या वरचं माप दाखवलं. "एकदा नाही, दोनदा. एक चप्पल उडून पार तिकडं गेली. मी ओरडले, पण त्या वाऱ्यात कोण ऐकतंय? तुझ्या वडलांनी बघितलं. दुसऱ्या वेळी मी बघितलं, त्यांनी बघितलं."

मी माझ्या हातांकडं पाहिलं. ताणलेल्या दोराच्या दोन्ही टोकांना ताण सारखाच असतो. नुसत्या ताणावरून कोण कुणाला उचलतंय ते कळत नाही. हे मी चार वर्षं वर्गात फळ्यावर बाण काढून शिकवत होते.

मी उठून अप्पांकडं गेले. ते उकिडवे बसून एक नळी वाकडी झाली आहे का ते डोळ्याला लावून बघत होते.

"अप्पा, माझे पाय उचलले गेले होते?"

त्यांनी नळी खाली घेतली. "हं."

"मग काल सांगितलं का नाहीत? मी एवढं बोलले तुम्हाला."

"तुला वाटत होतं तू धरलंयस," ते म्हणाले. "वाटू दे म्हटलं."

मी त्यांच्याजवळ मातीत बसले. नवी साडी होती, मामी लांबून काही तरी म्हणाली. आम्ही दोघं समोरासमोर होतो, मध्ये पंख नव्हता. मी त्यांचा उजवा हात उलटा करून तळवा पाहिला. त्यांनी पाहू दिला.

"हळद लावली?"

"लावली. लग्नघरात तिला काय तोटा?"

एसटीच्या टपावर सामान चढायला लागलं. ओटी भरून झाली. मामी आणि सासूबाई दाराशी बोलत होत्या, म्हणजे दोघी एकदम बोलत होत्या.

"पाठराखीण कोण येतेय तुमच्याकडून?" सासूबाईंनी विचारलं. नवीन घरी मुलीला एकदम परकं वाटू नये म्हणून माहेरचं एक माणूस पहिले काही दिवस बरोबर पाठवायची रीत आहे. बहीण, मावशी, अशी कुणी तरी बाईच असते.

"माझी ऊर्मी यायची होती हो. पण रात्रीपासून तापानं फणफणलीय. मी यावं तर हा सगळा पसारा. आता राहू दे पाठराखीण."

"राहू दे कसं? रीत आहे ती." सासूबाईंनी आजूबाजूला पाहिलं. त्यांची नजर पोत्यावर मांडलेल्या भागांवरून अप्पांवर गेली आणि तिथं थांबली. "हे येऊ देत की."

"कोण?"

"व्याही."

मामी हसायला लागली. कुणीच हसत नाही म्हटल्यावर थांबली. "अहो, पुरुषमाणूस पाठराखीण? आणि मुलीचा बाप? मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही."

"पाणी आम्ही एसटीतच पाजू. एसटी काही मुलीचं घर नव्हे."

"लोक काय म्हणतील?"

"आमच्या गावचे लोक काय म्हणायचं ते मला विचारून म्हणतात," सासूबाई म्हणाल्या आणि आवाज चढवून अप्पांना म्हणाल्या, "रणदिवे, चलताय ना? पाठराखीण कमी पडतेय. मासे खाता ना?"

अप्पा उभे राहिले. गुडघे झटकले.

"नाही हो, मला कसं जमेल? इथं पुष्पकला कोण…"

ते थांबले. गुलाब मांडवावर चढून दोर सोडत होता, त्याचेही हात थांबले. अप्पा त्या ढिगाकडं बघत राहिले. मग शेडकडं, तिच्या उघड्या दाराकडं. मग घराकडं. त्यांना नाही म्हणायचं होतं, ते मला दिसत होतं. आणि नाही म्हणायला त्यांना काही सापडत नव्हतं.

"दाढी करायला पाच मिनिटं लागतील," ते म्हणाले.

"दहा घ्या," श्रीरंग म्हणाला.

मी एसटीत जाऊन बसले. श्रीरंग माझ्या शेजारी बसला होता. अप्पा येताना दिसले तसा तो उठला आणि मागच्या बाकावर क्लॅरिनेटवाल्याशेजारी जाऊन बसला. बँडवाल्यांना वाटेत सोडायचं होतं. बाशिंगाच्या दोऱ्याचा वळ अजून त्याच्या कपाळावर होता. अप्पांच्या हातात एक कापडी पिशवी होती. हनुवटीवर कापल्याच्या जागी कागदाचा तुकडा चिकटवला होता. ते पायरीवर घुटमळले, तेव्हा सासूबाई पुढून ओरडल्या, "बसा बसा, पाठराखीणबाई! नवरीशेजारची जागा तुमचीच." सगळी एसटी हसली. अप्पांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ते माझ्याशेजारी बसले आणि दुखऱ्या हातांनी पिशवी मांडीवर धरली.

एसटी सुटली. खिडकीतून धावपट्टी दिसत होती, शेड दिसत होती. ते मागं वळून बघतील आणि त्यांना सोसणार नाही, या भीतीनं मी त्यांच्याकडंच बघत राहिले. ते बघत नव्हते. ते मान जराशी तिरपी करून पुढं ड्रायव्हरकडं पाहत होते.

माळ संपला. रस्ता उताराला लागला.

"हा क्लच फार वेळ दाबून धरतो," अप्पा हळूच म्हणाले.

"सांगा की त्याला."

"आज नको," ते म्हणाले. "घाटात सांगू."